जिवंत माणसाचं श्राद्ध

गुरुजी पुण्याहून बरोबर साडेदहाला लॅपटॉपच्या पडद्यावर आले. त्या रविवारी वेळेवर झालेली ही एकच गोष्ट, बाकी सगळं वरातीमागून घोडं.

सर्वपित्री अमावास्या रविवारी आली की सुचित्राला पळवाट उरत नसे. एरवी नोव्हेनाच्या हॉस्पिटलात लॅबची पाळी आहे म्हणून निम्म्या कामातून अंग काढून घेता यायचं. रविवारी कसली पाळी. पहाटे पाचपासून ती ओट्याशी उभी होती. खीर झाली होती, गवार झाली होती, आमसुलाची चटणी झाली होती, अळू शिजत होता आणि वडे थापायचे राहिले होते. नवऱ्याचे चुलते, रवींद्रकाका, खास या श्राद्धासाठी पुण्याहून इथे परदेशी, पाया लेबारच्या तिच्या फ्लॅटवर येऊन राहिले होते. चार दिवसांत त्यांनी मदत म्हणून एकच काम केलं होतं, बाल्कनीत उभं राहून कावळा शोधणं. इथे पाखरांना खायला घातलं तर दंड होतो हे सुचित्रानं त्यांना सांगून पाहिलं होतं. "हे कसलं गाव, पितरांनाही परवाना लागतो," असं म्हणून ते पुन्हा बाल्कनीत गेले होते.

श्राद्ध सासऱ्यांचं. निशिकांत हे त्यांचं नाव घरात फक्त या एका दिवशी उच्चारलं जाई, तेही संस्कृतात. सुचित्रानं त्यांना पाहिलं नव्हतं. माधवनं, त्यांच्या सख्ख्या मुलानंही पाहिलं नव्हतं. एकाहत्तर साली ते इथेच, सेंबावांगला ब्रिटिश आरमाराच्या तळावर, स्टोअरमध्ये कारकून होते. गोऱ्यांनी तळ सोडून मायदेशी जायचं ठरवलं, हजारोंच्या नोकऱ्यांवर गदा आली, आणि एका सकाळी, पूल ओलांडून मलेशियातल्या "जोहोरला जाऊन येतो" म्हणून हा माणूस जो घराबाहेर पडला तो पडलाच. सासूबाई तेव्हा सात महिन्यांच्या गरोदर. पोट घेऊन एकट्या बोटीनं परत गेल्या, पुण्यात बाळंत झाल्या, शाळेत नोकरी धरली. बारा वर्षं वाट पाहून झाल्यावर, त्र्याऐंशी साली, रवींद्रकाकांनी शास्त्रात सांगितल्याप्रमाणे पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याला नारळाचं डोकं लावलं आणि नदीकाठी नेऊन जाळला. तेव्हापासून दरवर्षी हा खटाटोप. माधवला पुढे नोकरी लागली ती नेमकी याच शहरात, वन-नॉर्थला. सासूबाई निवृत्त होऊन इथे राहायला आल्या त्याला अकरा वर्षं झाली, पण सेंबावांग दाखव असं त्या एकदाही म्हणाल्या नव्हत्या.

"यजमान बसले का?" गुरुजींनी पडद्यातून विचारलं. "सव्वाअकराला मला मेलबर्न आहे."

यजमान, म्हणजे चोपन्न वर्षांचा माधव, सोवळं सावरत पाटावर बसला. अनामिकेत दर्भाचं पवित्रक, समोर लॅपटॉप, बाजूला ताम्हन. आणि तो पळीत पाणी घेतोय तोच दाराचं कुलूप वाजलं आणि ऋता आत आली. मुलगी सव्वीस वर्षांची, विद्यापीठात इतिहासाची पीएचडी करणारी, हॉस्टेलवर राहणारी. तिनं नऊला येऊन वडे थापायचे ठरले होते.

"बाबा, पाणी सोडू नकोस," ती बूट न काढता म्हणाली. "आजोबा जिवंत आहेत."

पळी माधवच्या हातात तशीच राहिली. काका बाल्कनीतून वळले. गुरुजींना ऐकू गेलं नसावं, कारण ते म्हणाले, "उजव्या हातानं."

"ऋता, ही काय थट्टा करायची वेळ आहे?" सुचित्रा पिठाच्या हातानं बाहेर आली.

"आई, आय ॲम नॉट जोकिंग, ओके? मी त्यांना भेटलेय. जूनमध्ये."

मग जे बाहेर पडलं ते हप्त्याहप्त्यानं पडलं, कारण प्रत्येक वाक्याला कुणीतरी मोडता घालत होतं. ऋताचा प्रबंध मलायाच्या कम्युनिस्ट गनिमांवर होता हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि हा कसला विषय, हे माधवनं तिला अनेकदा ऐकवूनही झालं होतं. थायलंडच्या दक्षिण टोकाला, डोंगरात, त्या जुन्या गनिमांची गावं आहेत. एकोणनव्वद साली समझोता झाला, त्यांनी बंदुका टाकल्या आणि तिथेच रबराची झाडं लावून राहिले. जूनच्या सुट्टीत ती अशाच एका गावात म्हाताऱ्यांच्या मुलाखती घेत होती. एका म्हाताऱ्यानं तिचं आडनाव विचारलं, मग आजीचं नाव विचारलं, आणि मग स्वतःचं खरं नाव सांगितलं.

"जूनमध्ये," सुचित्रा म्हणाली. "आणि आज सांगतेस? सप्टेंबर संपत आला."

"त्यांनी सांगितलं होतं, सांगू नको. मी प्रॉमिस केलं. काल त्यांचा फोन आला. त्यांचा कोणी जुना साथी जोहोरला वारला, त्याच्या अंत्यविधीला सगळे म्हातारे बसनं आलेत. आज चारला बस परत निघणार. त्यांचं हार्ट वीक आहे, डॉक्टर पुन्हा एवढा प्रवास करू देणार नाहीत. बाबाला एकदा बघायचंय म्हणाले. फक्त बघायचंय."

"मग इकडे यायला काय झालं?" काकांनी विचारलं.

"येता येत नाही ना काकाआजोबा त्यांना. इथलं सरकार म्हणतं, अर्ज करा, मुलाखत द्या, चुकलो असं लिहून द्या. ते लिहून द्यायला तयार नाहीत."

"चोपन्न वर्षांनीही मस्ती आहेच," काका म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण त्या माणसाला जिवंत धरून बोललो. त्यांनी लगेच सूर बदलला. "हे बघ, अशी प्रकरणं नवी नाहीत. पानिपतानंतर भाऊसाहेबांचाही तोतया आला होता. पुण्यात मोठमोठी माणसं फसली."

घरातलं कुणी हरवलं की मराठी माणसाला आधी तोतया सुचतो, याचा सुचित्राला भयंकर वैताग आला. पण ऋतानं वाद घातला नाही. तिनं फोन पुढे धरला. फोनमध्ये पत्र्याच्या घरासमोर एक हडकुळा म्हातारा प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. तो थांबत थांबत बोलत होता, जड सामान एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेताना माणूस थांबतो तसा.

"मी निशिकांत. माझी मराठी आता... गंजली. रवी कसा आहे? त्याला मी विहिरीत ढकलला होता, पोहायला यावं म्हणून. तो बुडायला लागला. आम्ही आईला सांगितलं नाही. त्यानं अजूनही सांगितलं नसेल."

काका खुर्चीवर बसले. ते इतके एकदम बसले की सुचित्रानं आधी त्यांना पाणी आणून दिलं. बहात्तर वर्षांच्या त्या माणसाच्या तोंडाकडे बघून तिला पहिल्यांदाच त्यांची दया आली.

"वहिनी," ते आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "या जरा. बघा, तोच आहे का?"

सासूबाई दारातच उभ्या होत्या. किती वेळ ते कुणाला माहीत. पंच्याहत्तरीतही ताठ, इस्त्रीची सुती साडी. त्यांनी फोन हातात घेतला नाही, चष्माही चढवला नाही.

"तेच आहेत," त्या म्हणाल्या आणि ओट्यापाशी जाऊन वडे थापायला लागल्या.

लॅपटॉपमधून घसा खाकरल्याचा आवाज आला. गुरुजी इतका वेळ सगळं ऐकत होते. "मंडळी, संकल्प करायचा की कसं?"

"गुरुजी, अहो माणूस जिवंत निघाला," काका म्हणाले.

"ऐकलं मी. जिवंत माणसाचं श्राद्ध करता येत नाही. तयारी झालीच आहे तर इतर पितरांच्या नावानं उरकून घेऊ. पण त्यांचं और्ध्वदेहिक, मरणोत्तर क्रियाकर्म, झालेलं आहे ना? पालाशविधी केला होतात तुम्ही. तेव्हा ते आता घरात असे सरळ घेता यायचे नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे काळजी करू नका, शास्त्रात सोय आहे. त्यांना पुन्हा जन्माला घालायचं. तुपाच्या कुंडात बसवून वर काढायचं, स्नान घालायचं. मग जातकर्म, नामकरण, मुंज, सगळे संस्कार क्रमानं."

"अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या कम्युनिस्टाची मुंज," सुचित्रा म्हणाली. तिला हसू येत होतं आणि रडूही.

"आणि विवाह," गुरुजी म्हणाले. "पत्नी हयात असेल तर तिच्याशीच पुन्हा लावायचा."

ओट्याशी चाललेली थापथाप क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली. ते फक्त सुचित्राला ऐकू आलं.

गुरुजी मेलबर्नला गेले, आणि मग घरात खरा गोंधळ सुरू झाला. आत्तापर्यंत तोतया म्हणणारे काका पाच मिनिटांत दादाच्या मुंजीच्या तयारीला लागले. डिसेंबरात मुहूर्त कसे आहेत, तूप किती लागेल, थायलंडात ब्राह्मण मिळतो का. ज्यानं पुतळा जाळला त्यालाच आता माणूस परत हवा होता, आणि तोही रीतसर. माधव मात्र पाटावरून उठला, बोटातलं पवित्रक काढून ताम्हनात टाकलं आणि म्हणाला, "मी कुठेही जाणार नाही."

"बाबा, चारला बस आहे. कॉजवेच्या पुलावर संडेची गर्दी, आत्ता निघायला पाहिजे."

"आईला सात महिन्यांची पोटुशी टाकून गेलेला माणूस. त्यानं बोलावलं की मी धावायचं?"

"त्यांना वाटलं होतं सहा महिन्यांत परत येऊ," ऋता म्हणाली. "सगळ्यांनाच वाटलं होतं. ब्रिटिश चालले म्हणजे मैदान मोकळं झालं. सैन्य गेलं की सरकार टिकत नाही, तळावरचे बेकार झालेले कामगार आपल्याकडे येणार, असा पक्षाचा हिशोब होता. पण इकडे तळाची गोदी झाली, लोकांना कामं मिळाली, कोणी जंगलात गेलंच नाही. आणि तिकडे आतल्या आत हेर शोधायला सुरुवात झाली. स्वतःचीच माणसं मारली. पक्षाचे तीन तुकडे झाले."

"एवढं सगळं होत होतं, तर एक पत्र टाकायला काय झालं होतं?" माधव म्हणाला. "एक ओळ. जिवंत आहे, एवढी."

ऋता म्हणाली, "टाकली होती. पहिल्या वर्षी चार. मराठीत."

"आली नाहीत."

"कशी येतील? तिथे मराठी कोणाला वाचता येणार? सांकेतिक लिपी आहे, हा हेर आहे, असं ठरलं. पत्रं जाळली आणि त्यांना नऊ महिने बांधून ठेवलं. झाडाला, बाबा. चौघांना असंच धरलं होतं, त्यातले दोघं गेले. हे वाचले कारण कॅम्पचा स्वयंपाकी मेला आणि यांना भात शिजवता येत होता. नंतर त्यांनी पुन्हा देवनागरी अक्षर काढलं नाही. मला स्वतःचं नाव लिहून दाखवताना 'श' अडला त्यांना."

सासूबाईंनी गॅस बंद केला.

सुचित्रानं माधवला हाताला धरून बेडरूममध्ये नेलं आणि दार लावलं. अठ्ठावीस वर्षं ती या माणसाचा चालढकलपणा सोसत आली होती. दाढ दुखली की डॉक्टरकडे पुढच्या आठवड्यात, पुण्याची तिकिटं भाव दुप्पट झाल्यावर. पण आज पुढचा आठवडा नव्हता.

"तुला जायचंय," ती म्हणाली.

"नाही."

"माधव, लहानपणी शाळेच्या अर्जावर वडिलांच्या सहीच्या जागी रेघ मारताना काय व्हायचं, ते तू मला लग्नाच्या आधी सांगितलं होतंस. आपण तेव्हा एकमेकांना नीट ओळखतही नव्हतो. तुला जायचंय."

तो पलंगाच्या कडेला बसला. उघड्या अंगावर उपरणं, पोट सुटलेलं. "मी गेलो तर आईला काय वाटेल? तिनं आयुष्य काढलं माझ्यासाठी. आणि मी त्याला भेटायला जाऊ?"

"मग विचार तिला."

"हे विचारायचं नसतं, सुचित्रा. हे समजून घ्यायचं असतं."

तिला त्याचं डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं. या घरात सासूबाईंच्या मनात काय आहे हे सगळ्यांना समजलेलं असे. काकांना समजलेलं, माधवला समजलेलं, मेलबर्नला गेलेल्या गुरुजींनाही समजलेलं. विचारायला मात्र कुणी जात नसे. सुचित्रानं धाडकन दार उघडलं.

सासूबाई जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. समोर काका, डायरीत काहीतरी लिहीत. "वहिनी, विधी साधाच करू," ते म्हणत होते. "घरातली चार माणसं. तुम्ही कसलाही विचार करू नका, मी सगळं बघतो."

"आई," सुचित्रा म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं ते एकदा सांगा. म्हणजे हे सगळे गप्प बसतील."

सासूबाईंनी हात पदराला पुसले. "लग्नाचं म्हणत असाल, भाऊजी, तर ते मला विचारून झालंय."

"कुणी विचारलं?"

"यांनीच. नव्वद साली. कुठून तरी शाळेचा पत्ता मिळवून पत्र आलं होतं, इंग्रजीत. समझोता झालाय, आता कुठेही जाता येईल, तू म्हणशील तर पुण्याला येतो. शेवटी लिहिलं होतं, एव्हाना घरच्यांनी माझे दिवस केले असतील, तसं असेल तर आपल्या शास्त्रात पुन्हा लग्न लावावं लागतं. मी हे काही मानत नाही, पण तुझी इच्छा असेल तर उभा राहीन."

माधव दारात येऊन उभा राहिला होता.

"मग?" ऋतानं विचारलं.

"मग काय. मी आठ दिवस विचार केला. एकोणसत्तर साली आमचं लग्न ठरलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. एकाहत्तरला हे गेले तेव्हा विचारलं नव्हतं. त्र्याऐंशी साली तुम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना मारलंत, माझ्या हातातल्या बांगड्या वाढवल्यात, तेव्हाही नाही. शास्त्रानं का होईना, पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं. मी नाही म्हणून कळवलं."

"जिवंत आहे हे तुम्हाला पस्तीस वर्षं माहीत होतं," काका म्हणाले. "आणि मी दरवर्षी त्याच्या नावानं पिंड ठेवत होतो."

"मारताना मला विचारलं नव्हतंत, भाऊजी. मग जिवंत आहेत हे मी तरी कशाला सांगू?"

काका उठले आणि बाल्कनीत जाऊन पाठ करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. सासूबाईंनी तिकडे पाहिलं नाही. त्या माधवकडे बघत होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या घाबरल्यासारख्या सुचित्राला दिसल्या.

"मी एकोणीस वर्षांचा होतो," माधव म्हणाला.

"हो."

"तू स्वतःसाठी नाही म्हणालीस ते ठीक. पण मला का नाही विचारलंस?"

"तुला विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास."

आईवर ओरडायची सवय नसलेला माणूस चिडला की त्याला काही सुचत नाही. माधव आत गेला. कपाटाची दारं आपटल्याचा आवाज आला, एक खण पडला, आणि मग तो पँट-शर्ट घालून, शर्टाची बटणं वरखाली लावून बाहेर आला.

"पासपोर्ट कुठे ठेवलेत?" त्यानं सुचित्राला विचारलं. आईकडे न बघता.

"डावीकडच्या खणात."

"माझाही काढ," सासूबाई म्हणाल्या. "मला ती चार पत्रं माहीत नव्हती. नव्वद सालच्या पत्रात यांनी एवढंच लिहिलं होतं, पत्र पाठवता आलं नाही. मला ती सबब वाटली."

"आई, तुमचे गुडघे," सुचित्रा म्हणाली.

"गुडघ्यांना विचारलं नाही मी."

काकांना येता येणार नव्हतं. त्यांचा व्हिसा एकाच प्रवेशाचा होता. एकदा पलीकडे गेले की परत यायची पंचाईत. दारापर्यंत येऊन त्यांनी माधवचा दंड धरला. "दादाला सांग," ते म्हणाले. "सांग, सगळे मला म्हणाले कर, म्हणून मी केलं. पुतळ्याला अग्नी देताना माझा हात धजला नव्हता. गुरुजींनी धरून लावून घेतलं."

तोवर दीड वाजून गेला होता. टॅक्सीत ऋतानं फोनवर सगळ्यांचे मलेशियाच्या प्रवेशाचे फॉर्म भरले. आजीची जन्मतारीख विचारली तर आजीला शाळेतली एक आणि खरी एक अशा दोन आठवल्या. माधव पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता आणि मागे वळून बघत नव्हता. वुडलँड्सच्या अलीकडे गाड्यांची रांग लागलेली. शेवटचा रस्ता चालत जाऊ, असं ऋता म्हणाली, आणि चेकपॉइंटच्या सरकत्या जिन्यांवर सासूबाईंना मध्ये घेऊन तिघं वर चढले. पासपोर्टवरचं काम उरकलं तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

खाली बसच्या फलाटावर तर पाय ठेवायला जागा नव्हती. माणसांच्या माळा फलाटाबाहेर गेल्या होत्या. पुलावर बस जागच्या हलत नव्हत्या. कडेच्या पायवाटेनं लोक पिशव्या सांभाळत चालत निघाले होते, किलोमीटरभर पूल, आणि पलीकडे मलेशियाची तपासणी वेगळी.

ऋता फोनवर मलयमध्ये कुणाशी तरी बोलत होती. "ते चेकपॉइंटच्या पलीकडच्या हॉटेलाच्या दारात बसलेत," ती म्हणाली. "ड्रायव्हर चारनंतर दहा मिनिटं थांबेल म्हणतोय. जास्त नाही. पहाटे थायलंडच्या बॉर्डरवर पोचायचंय त्यांना. चालत गेलो तर होईल, कॅन मेक इट, पण आत्ता निघालो तर."

तिघांनी सासूबाईंच्या पायांकडे पाहिलं. त्यांनी खांबाला हात टेकला होता. एवढे जिने चढून-उतरूनच त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"आपण बसच्या रांगेत उभे राहू," माधव म्हणाला. "मिळेल."

"मिळणार नाही," सुचित्रा म्हणाली. "माधव, आत्ता तरी."

"मग आईला इथे सोडून जाऊ?" घर सोडल्यापासून तो पहिल्यांदाच आईकडे बघून बोलत होता. राग होता, आणि त्या रागातही तो तिची पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवून उभा होता.

सासूबाईंनी ती पिशवी त्याच्या खांद्यावरून उतरवून घेतली.

"मी आले तर तुझीही गाडी जाईल," त्या म्हणाल्या. "एकदा माझ्यामुळे गेलीय. आता नको. पळ."

"तुला काही सांगायचंय त्यांना?"

सासूबाई म्हणाल्या, "पत्रं जाळली ते आज कळलं, म्हणावं. उत्तर बदललं असतं की नाही ते मला माहीत नाही. खोटं सांगू नकोस त्यांना. जा आता."

माधव निघाला. आधी नुसता भराभर चालला, मग पुढच्या माणसांच्या पिशव्यांतून वाट काढत पळायला लागला. अठ्ठावीस वर्षांत सुचित्रानं त्याला कशासाठीही पळताना पाहिलं नव्हतं. बस सुटली तर तो म्हणे, दुसरी येईल. शर्ट मागून बाहेर आलेला, एका हातात पासपोर्ट, ऋता त्याच्या पुढे जाऊन "एक्स्क्यूज, अंकल, एक्स्क्यूज" करत लोकांना बाजूला करतेय. दम लागला की तो चालायचा, चालता चालता डावा खांदा पुढे काढायचा आणि पुन्हा पळायचा. वळणापाशी गर्दीनं दोघांना गिळलं.

सुचित्रानं सासूबाईंना कठड्यापाशी बसवलं. त्या अजून तिकडेच बघत होत्या.

"डावा खांदा पुढे काढून चालतो ना," त्या म्हणाल्या. "हे तसेच चालायचे. तो पहिलं पाऊल टाकायला लागला तेव्हाच मला दिसलं होतं. लोक म्हणायचे कुणावर गेलाय हा, मी म्हणायची माझ्या भावावर. त्याला मी कधीच सांगितलं नाही."

"मग आज घरी आला की सांगा."

"नको," सासूबाई म्हणाल्या. "आता त्याचं त्यालाच दिसेल."